लक्षण आणि निदान : आलेखाच्या दुरुस्तीविषयी एक संवाद

आलेखात दिसणारा दोष केवळ मांडणीचा असतो की मांडणीच्या आड दडलेल्या माहितीचा, या प्रश्नावर संगणकावर आलेख काढणाऱ्यांचे दोन पक्ष पडतात, आणि दोन्ही पक्षांना अनुभवाचा भक्कम आधार असल्यामुळे त्यांचा वाद सहसा मिटत नाही. वैद्यकातले शब्द उसने घ्यायचे तर एका पक्षाला लक्षणवादी म्हणता येईल. अक्षावरची अक्षरे एकमेकांवर चढली तर ती तिरकी करावीत, कडेला कापली गेली तर समास वाढवावा, आकडे परके वाटले तर ते हाताने लिहावेत, आणि आलेख वेळेत छापायला द्यावा, असे त्याचे मत असते. दुसरा पक्ष निदानवादी. अक्षरे एकमेकांवर चढली ती का चढली, हे कळेपर्यंत तो एकही आज्ञा लिहायला तयार नसतो.

हा वाद येथे पायथन भाषेतील मॅटप्लॉटलिब या लायब्ररीच्या संदर्भात मांडला आहे. जॉन हंटर या मज्जासंस्थेच्या अभ्यासकाला अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युतलहरी पडद्यावर पाहायच्या होत्या, त्या गरजेतून ही लायब्ररी जन्मली. तिची पहिली आवृत्ती २००३ मध्ये आली आणि तिच्या आज्ञांचे वळण मुद्दाम मॅटलॅब या तेव्हाच्या प्रचलित प्रणालीसारखे ठेवले गेले. हंटर २०१२ मध्ये निवर्तले, परंतु लायब्ररी वाढत राहिली. अक्षावर खुणा कोठे उमटाव्यात हे ठरवणाऱ्या घटकाला या लायब्ररीत लोकेटर म्हणतात आणि त्या खुणेखाली काय लिहावे हे ठरवणाऱ्या घटकाला फॉर्मॅटर म्हणतात. दोघांची कामे वेगळी आहेत, आणि आलेखाच्या पुष्कळ तक्रारी एकाचे काम दुसऱ्यावर लादल्याने उद्भवतात.

संवादासाठी एक काल्पनिक पण नेहमीचे उदाहरण घेतले आहे. पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदी, १ जून ते ३० सप्टेंबर अशा १२२ दिवसांच्या, स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या फाईलमध्ये साठवल्या आहेत. फाईल उघडली, तारखा आडव्या अक्षावर आणि मिलिमीटर उभ्या अक्षावर ठेवून रेषा काढली, आणि आडव्या अक्षाच्या जागी शाईचा काळा पट्टा उमटला, कारण सगळ्याच्या सगळ्या तारखा एकमेकींवर छापल्या गेल्या.

लक्षणवादी : या दोषात गूढ असे काही नाही. जागा थोडी आणि मजकूर फार, एवढाच तो प्रकार आहे. अक्षरे नव्वद अंशांत उभी करावीत, त्यांचा आकार कमी करावा, आकृती रुंद करावी; एवढ्याने भागले नाही तर दर दहावी तारीख ठेवून बाकीच्या पुसाव्यात. चार ओळींचे काम आहे.

निदानवादी : ते चार ओळींत होणार नाही, हे हिशेब करून पाहता येते. काहीही न सांगता काढलेली आकृती ६.४ इंच रुंद असते आणि तिच्यातील अक्षांचा चौकोन त्या रुंदीचा साडेसत्त्याहत्तर टक्के भाग, म्हणजे ४.९६ इंच व्यापतो. १२२ तारखांना वाटून दिल्यावर प्रत्येकीच्या वाट्याला इंचाचा सुमारे पंचविसावा भाग येतो. मुद्रणात इंचाच्या बाहत्तराव्या भागाला पॉइंट म्हणतात, आणि त्या मापात ही जागा तीन पॉइंटही भरत नाही. अक्षरे मुळात दहा पॉइंटांची आहेत. ती उभी केली तरी ओळीची जाडी दहा पॉइंटच राहते, आणि तीन पॉइंटांची अक्षरे भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. पण विचारायचा प्रश्न वेगळाच आहे : तारखांच्या अक्षावर ही लायब्ररी एरवी मोजक्याच खुणा उमटवते, मग तिने येथे १२२ का उमटवल्या?

या प्रश्नाचे उत्तर प्रकार या संकल्पनेत आहे. संगणकाला ‘२०२३-०६-०१’ ही तारीख म्हणून दिली की नुसती अक्षरांची माळ म्हणून दिली, यावर पुढचे सर्व अवलंबून असते. अशा माळेला प्रोग्रामर ‘स्ट्रिंग’ म्हणतात. फाईल वाचणाऱ्याने स्वतःहून रूपांतर केले नाही तर तारखा स्ट्रिंगच राहतात, आणि मॅटप्लॉटलिब स्ट्रिंगकडे आंबा, फणस, काजू अशा नावांसारखे पाहते. आंब्याच्या आणि काजूच्या मधले फणसाचे नाव जागेअभावी गाळून चालत नाही, म्हणून ती एकही नाव गाळत नाही. उलट खऱ्या तारखा मिळाल्या तर ती त्यांचे दिवसांच्या संख्येत रूपांतर करते, आणि मग तिचा लोकेटर महिन्याच्या किंवा पंधरवड्याच्या अंतराने मोजक्या खुणा निवडतो.

लक्षणवादी : म्हणजे रोगाचे नाव कळले, पण औषधाने जे साधते ते दर दहावी तारीख ठेवूनही साधतेच. वाचकाला दिसणारे चित्र दोन्हीकडे एकच.

निदानवादी : एकच नसते, आणि खरा धोका तेथेच आहे. समजा, १० ते १५ ऑगस्ट या सहा दिवसांच्या नोंदी मापक बिघडल्यामुळे फाईलमध्ये नाहीतच. नावांच्या अक्षावर ९ ऑगस्टच्या शेजारी लगेच १६ ऑगस्ट बसतो, कारण नावे आली त्या क्रमाने आणि समान अंतराने मांडली जातात. गहाळ आठवड्याचा मागमूस राहत नाही. तारखांच्या अक्षावर रेषा तेथेही जोडलेलीच दिसेल, परंतु सात दिवसांचे अंतर सात दिवसांइतकेच रुंद राहील आणि ती लांब सरळ रेघ पाहून वाचकाला शंका येईल. त्या जागी रिकाम्या नोंदी भरल्या तर रेषा तुटेलही. दहावी तारीख ठेवण्याच्या उपायाने काळा पट्टा गेला, पण तो पट्टाच एकटा साक्षीदार होता.

लक्षणवाद्याचे पुढचे उत्तर येथे विशेष लक्ष देण्याजोगे आहे, कारण निदानाचा मार्गही निर्धोक नाही हे ते दाखवते.

लक्षणवादी : स्ट्रिंगच्या तारखा करण्याचे काम बहुतेक जण पांडास या माहिती हाताळणाऱ्या लायब्ररीवर सोपवतात. आपल्याकडे आधी दिवस आणि मग महिना लिहितात. पांडास मात्र, वेगळे सांगितले नाही तर, संदिग्ध तारखेत महिना आधी धरते. ०१/०६ ही १ जूनची नोंद ६ जानेवारी होते आणि १२/०६ ची ६ डिसेंबर. १३/०६ मध्ये तेरावा महिना नसल्यामुळे ती तारीख बरोबर वाचली जाते. २०२३ मध्ये पांडासची २.० ही आवृत्ती येईपर्यंत ही सरमिसळ होत असे. त्यानंतर पहिल्या तारखेवरून साचा ठरतो आणि न बसणारी तारीख आली की चूक दाखवली जाते. निदानाच्या नादात जूनचा पाऊस जानेवारीत पाडण्यापेक्षा अक्षरांच्या माळा बऱ्या, त्या निदान जशा लिहिल्या तशा राहतात.

निदानवादी : आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच रूपांतर करताना तारखेचा साचा स्वतः लिहून द्यावा, तो ओळखण्याचे काम यंत्रावर सोपवू नये. तरीही एक फरक उरतो. जानेवारीतला मुसळधार पाऊस आलेखात दिसला की पाहणारा दचकतो. गाळलेला आठवडा पाहून कोणीही दचकत नाही.

या मुद्द्यावर तराजू निदानवाद्याकडे झुकतो असे म्हणावे लागते, मात्र त्याने मान्य केलेली मर्यादाही नोंदवली पाहिजे : जानेवारी ते डिसेंबर असे बाराही महिने हजर असतील आणि प्रत्येकाचा एक स्तंभ काढायचा असेल, तर महिने नावे म्हणून ठेवण्यात काहीच वावगे नाही.

लक्षणवाद्याचा दुसरा आवडता उपाय म्हणजे खुणांखालची लेबले हाताने लिहिणे. ज्या आज्ञेने हे होते ती फक्त फॉर्मॅटर बदलते. लोकेटरला ती हात लावत नाही. रस्त्याकडेचे मैलाचे दगड कोठे रोवले आहेत हे न पाहता त्यांच्यावर ओळीने गावांची नावे रंगवावीत, तसे हे आहे. दगड सरकले, म्हणजे आकृतीचा आकार किंवा माहितीची व्याप्ती बदलून लोकेटरने वेगळ्या खुणा निवडल्या, तरी नावे त्याच क्रमाने रंगलेली राहतात आणि सातारा कोल्हापूरच्या जागी येऊन बसतो. २०२० मधील ३.३ या आवृत्तीपासून लायब्ररी अशा वेळी ताकीद देते, आणि ३.५ पासून खुणांची स्थाने व त्यांची लेबले एकाच आज्ञेत देण्याची सोय झाली आहे. लक्षणवाद्याला ही सोय मान्य आहे, कारण तिच्यात ओळी कमी लागतात. निदानवाद्याला मान्य आहे, कारण तिच्यात खोटे बोलायला जागा उरत नाही. दोघांचे एकमत होण्याचा हा विरळा प्रसंग.

अशाच जातीचा आणखी एक चकवा आहे. पांडासच्या स्वतःच्या आज्ञेने तारखांचे स्तंभ काढले आणि नंतर त्यांच्यावर तारखेचा फॉर्मॅटर बसवला, तर २०२३ च्या पावसाखाली १ जानेवारी १९७० ही तारीख उमटते. स्तंभ ०, १, २ अशा स्थानांवर उभे असतात, फॉर्मॅटर त्या शून्याला दिवसांची संख्या समजतो, आणि मॅटप्लॉटलिबची दिवसगणना ३.३ आवृत्तीपासून १ जानेवारी १९७० पासून सुरू होते. ती तारीख दिसली की दोष कोठे आहे हे सांगायला दुसरा पुरावा लागत नाही, त्यामुळे निदानवादी तिच्याकडे जवळजवळ प्रेमाने पाहतो.

पुढचा वाद समासांचा. प्रोग्रामच्या ओळी आणि त्यांचे निकाल एकत्र दाखवणाऱ्या ज्युपिटर वहीत आलेख नेटका दिसतो आणि तोच फाईलमध्ये साठवला की आडव्या अक्षाचे शीर्षक अर्धे कापलेले निघते, ही तक्रार नवशिक्यांकडून हमखास ऐकू येते.

लक्षणवादी : साठवतानाच ‘कडा घट्ट आवळ’ अशा अर्थाचा पर्याय द्यावा. जे जे काढले आहे ते सगळे मावेल एवढी चौकट लायब्ररी स्वतः आखते, आणि काम संपते.

निदानवादी : वहीत चित्र नेटके दिसते ते त्याच पर्यायामुळे, कारण वही तो न विचारता लावते, मूळ आकृतीत मजकूर पहिल्यापासून चौकटीबाहेरच होता. पण त्या पर्यायाने चित्राचे माप बदलते. नियतकालिकाने साडेतीन इंच रुंदीची आकृती मागितली असेल आणि तेवढीच आखली असेल, तर आवळल्यानंतर ती तीन इंचांची होईल किंवा चारची, आणि मांडणी करणारा ती ताणून बसवील. त्यापेक्षा आकृतीच्या आतच जागेची फेरवाटणी करणारी व्यवस्था वापरावी. ‘टाइट लेआउट’ ती वाटणी हाक मारली तेव्हा एकदा करतो. ‘कन्स्ट्रेन्ड लेआउट’ आकृती रेखाटली जाताना दर वेळी करतो, म्हणून नंतर जोडलेले शीर्षकही त्याच्या हिशेबात येते.

मापाचा हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, परंतु छापील आलेखांतील वाचता न येणाऱ्या अक्षरांचे ते फार मोठे कारण आहे. मॅटप्लॉटलिबमध्ये आकृती इंचांत मोजतात आणि अक्षरे पॉइंटांत, म्हणजे दोन्ही मापे कागदाची आहेत, पडद्याची नव्हेत. ६.४ इंचांची आकृती ३.२ इंचांच्या स्तंभात बसवली की दहा पॉइंटांची अक्षरे पाचची होतात. मग लक्षणवादी अक्षरे वीस पॉइंटांची करतो, त्यामुळे ती एकमेकांवर चढतात, म्हणून तो त्यांना तिरकी करतो, आणि तिरकी अक्षरे खाली उतरून कापली जातात. पहिल्याच ओळीत आकृतीची रुंदी ३.२ इंच सांगितली असती तर या साखळीतली एकही कडी तयार झाली नसती.

आकड्यांच्या लेखनाविषयीचा वाद त्यामानाने लवकर आटोपतो. २०११ च्या जनगणनेतील जिल्ह्यांची लोकसंख्या स्तंभांनी दाखवायची आहे : पालघर वेगळा होण्यापूर्वीचा ठाणे जिल्हा १,१०,६०,१४८, पुणे ९४,२९,४०८, सिंधुदुर्ग ८,४९,६५१. मॅटप्लॉटलिब अशा मोठ्या संख्यांसाठी अक्षावर ०.२, ०.४, ०.६ अशी छोटी दशांशे लिहिते आणि अक्षाच्या डोक्यावर एका कोपऱ्यात ‘१ई७’ अशी खूण ठेवते. या खुणेचा अर्थ ‘दहाच्या सातव्या घाताने गुणा’ असा असतो, पण तिच्याकडे बहुतेक वाचकांचे लक्ष जात नाही.

लक्षणवादी : ही खूण बंद करण्याची आज्ञा आहे, ती द्यावी.

निदानवादी : ती दिली की अक्षावर २०००००००सारखी शून्यांची रांग उभी राहते, मोजताना बोट ठेवावे लागते, आणि या रांगेत तर एक शून्य जास्तच पडले आहे, हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. दहाचा सातवा घात म्हणजे एक कोटीच; यंत्राने बिचाऱ्याने कोटीचे परिमाण आपणहून निवडले होते, फक्त त्याला त्याचे नाव ठाऊक नव्हते. आपले फंक्शन लिहून ते फॉर्मॅटर म्हणून द्यावे, त्यात संख्येला एक लाखाने भागावे, आणि अक्षाच्या शीर्षकात ‘लोकसंख्या, लाखांत’ असे लिहावे. खुणा २०, ४०, ६० अशा वाचता येतील.

आतापर्यंतच्या वादात निदानवादी बहुधा पुढे राहिला आहे. पण याच आलेखात जिल्ह्यांची नावे मराठीत लिहायची ठरली की परिस्थिती उलटते.

पहिल्या प्रयत्नात प्रत्येक अक्षराच्या जागी पोकळ चौकोन उमटतो आणि ‘ग्लिफ २३४६ सध्याच्या फाँटमध्ये नाही’ अशा आशयाची ताकीद येते. ग्लिफ म्हणजे फाँटमधील एका अक्षराची आकृती, आणि २३४६ हा युनिकोड या जागतिक अक्षरसूचीतील ‘प’चा, म्हणजे ‘पुणे’च्या पहिल्या अक्षराचा क्रमांक आहे. मॅटप्लॉटलिबसोबत येणाऱ्या देजावू सान्स या फाँटमध्ये देवनागरी नाही. येथवर निदान सोपे आहे. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित यांसारखा फाँट सांगितला की चौकोन जातात. ३.६ आवृत्तीपासून फाँटची यादीही देता येते, म्हणजे एका फाँटमध्ये नसलेले अक्षर दुसऱ्यात शोधले जाते. एवढे केल्यावर ठाणे, पुणे, नागपूर, सातारा, जालना ही नावे ठीक दिसतात आणि काम झाले असा समज होतो. मग नजर सिंधुदुर्गावर जाते. तेथे ‘स’ची वेलांटी ‘स’च्या मागे पडून ‘ध’ला जाऊन चिकटलेली असते आणि ‘ग’वरचा रफार तयारच न होता पायमोडका ‘र’ वेगळा उभा असतो. रत्नागिरीत ‘त्’ आणि ‘न’ जुळत नाहीत, कोल्हापुरात ‘ल्’ आणि ‘ह’ फटकून राहतात, चंद्रपुरात ‘द्र’ फुटतो.

निदानवादी : कारण स्पष्ट आहे. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे व्यंजनानंतर साठवतात, पण लिहिताना ती आधी येते. अक्षरांचा हा क्रम बदलणे आणि जोडाक्षरे घडवणे याला शेपिंग म्हणतात, आणि ते काम हार्फबझसारखे स्वतंत्र इंजिन करते. ब्राउझर आणि लेखनाची सॉफ्टवेअरे अशाच इंजिनावर विसंबतात. मॅटप्लॉटलिबच्या दीर्घकाळ प्रचलित असलेल्या आवृत्त्या मात्र ग्लिफ साठवलेल्या क्रमानेच, खिळे जुळवावेत तसे एकापुढे एक ठेवतात. रोमन लिपीला तेवढे पुरते.

लक्षणवादी : निदान निर्दोष आहे, परंतु त्याचा येथे उपयोग काय? दोष ना फाईलमध्ये आहे, ना प्रोग्राम लिहिणाऱ्यात. तो लायब्ररीच्या पोटात आहे, आणि आलेख संध्याकाळी छापायला जायचा आहे. येथे लक्षणावरच इलाज करावा लागतो. अक्षावर रोमन लिपीतली नावे ठेवून मराठी नावे मांडणी करताना वरून चिकटवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार निदानवाद्याला नाही.

निदानवादी : अधिकार नाही, हे मान्य. तरी चिकटवण्यापेक्षा बरे असे दोन मार्ग आहेत. एक, अक्षरजुळणीचे काम लायब्ररीकडून काढून झी-लाटेक या प्रणालीकडे द्यावे. ती शेपिंग जाणते, पण ती संगणकावर बसवलेली असावी लागते आणि आलेख निघायला वेळ लागतो. दुसरा, आलेख एसव्हीजी या रेषाधारित प्रकारात साठवावा आणि मजकुराच्या आकृत्या न करता तो मजकूर म्हणूनच ठेवण्याची सूचना द्यावी. एरवी लायब्ररी प्रत्येक अक्षराची रेघारेघांची आकृती करून टाकते, आणि चुकीची जुळणी तेथेच गोठते. मजकूर मजकूरच राहिला तर फाईल उघडणारा ब्राउझर किंवा चित्रांचे सॉफ्टवेअर तो आपल्या इंजिनाने जुळवते, आणि सिंधुदुर्ग सरळ होतो. आकड्यांची मात्र चिंता नको. देवनागरी अंकांत जोडाक्षरे नसतात, त्यामुळे योग्य फाँट मिळाला की ते शेपिंगशिवायही बिनचूक उमटतात.

लक्षणवादी : आणि छापखान्यातल्या संगणकावर तो फाँटच नसेल तर?

निदानवादी : तर तो संगणक आपल्याजवळचा एखादा फाँट लावील, अक्षरांची रुंदी बदलेल आणि नेमकी मोजून ठेवलेली लेबले पुन्हा एकमेकांवर चढतील, देवनागरी फाँट मुळीच नसेल तर चौकोन परत येतील. म्हणून फाँटची फाईल सोबत पाठवावी, आणि कच्चे मुद्रित हाती आले की आधी सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी वाचून पाहावेत, ठाणे आणि पुणे नंतर.